देवस्थळीबाईंचे ‘हे’

तीस मार्च. दुसऱ्या दिवशी देवस्थळीबाईंचं घर रिकामं करून किल्ली परत द्यायची होती, आणि भिंतींचा धुराचा वास अजून गेला नव्हता. मी खालच्या खोलीत बसून कचरा वेगळा करत होते. जळणारा पिवळ्या पिशवीत, प्लास्टिक दुसऱ्या पिशवीत, फुटक्या काचा कागदात गुंडाळून तिसरीकडे. क्योतोत यात चूक झाली तर पिशवी उचलत नाहीत, वर चिठ्ठी चिकटवून तशीच ठेवतात, आणि ती चिठ्ठी सगळी गल्ली वाचते. बाई वरच्या मजल्यावर पुस्तकं बांधत होत्या. त्यांनी जिन्यातून विचारलं, “सुलभा, ह्यांना सुतळीने बांधू की चिकटपट्टीने?”

“सुतळीने. चिकटपट्टीने पुठ्ठा सोलून निघेल.”

“बरं. जन्मभर कुणाकडून स्वतःला बांधून घेतलं नाही ह्यांनी. आता घेतील.”

‘हे’ म्हणजे पाचशे वर्षांपूर्वी होऊन गेलेला एक डच विद्वान. बाईंनी आयुष्य त्याच्या लॅटिनवर घालवलं. पुण्याच्या कॉलेजातून निवृत्त झाल्यावर क्योतोच्या विद्यापीठाने त्यांना बोलावलं, तेही त्याच्यासाठीच. बाईंचं लग्न झालेलं नव्हतं. पण जुन्या बायका नवऱ्याचं नाव न घेता ‘आमचे हे’ म्हणायच्या, तशा बाई या माणसाला ‘हे’ म्हणत. नाव कधी घेत नसत. मीही इथे घेत नाही.

मी विद्यापीठातल्या एका संस्थेच्या ऑफिसात काम करते. बाहेरून आलेल्या संशोधकांना घर, बँक, विमा आणि कचरा या चार गोष्टी समजावून देणं हे माझं काम. विद्वानांबद्दल मला विशेष आदर उरलेला नाही. त्यातले बरेच जण कचऱ्याचा वार विसरतात. बाई विसरत नसत. पहिल्याच दिवशी त्यांनी माझं मराठीतलं माहितीपत्रक पेन्सिलीने दुरुस्त करून परत दिलं. ‘आपले सहर्ष स्वागत’ यातल्या ‘सहर्ष’ला गोल करून बाजूला लिहिलं होतं, ‘हर्ष नक्की कुणाला झाला आहे?’

त्या बुटक्या होत्या, पुरुषी कोट घालायच्या, आणि कोटाच्या खिशात चिवड्याची छोटी डबी असायची. सेमिनारमध्ये कुणी फार लांबण लावली की ती डबी उघडल्याचा आवाज यायचा. जपानी प्राध्यापकांना वाटे ते काही औषध असावं. बाईंनी तो समज तसाच राहू दिला. समज तसेच राहू देण्याची त्यांना आवड होती, आणि ते मला तेव्हाच खटकलं होतं.

त्यांचं सगळं बोलणं दुहेरी असायचं. ओसाकाच्या गणपतीत मंडळाच्या अध्यक्षांचा सत्कार होता, आणि कुणीतरी बाईंना त्यांच्याबद्दल पाच मिनिटं बोलायला सांगितलं. बाई पाचही मिनिटं अध्यक्षांच्या खुर्चीबद्दल बोलल्या. ही खुर्ची कुणालाही बसू देते, वजनाची तक्रार करत नाही, कार्यक्रम संपला की आपोआप मिटते, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तीच येते. अध्यक्ष सगळ्यांत जोरात हसले. परतीच्या गाडीत, क्योतो यायच्या जरा आधी, ते गप्प झाले. मी बाईंना म्हटलं की तुम्ही उगाच एक माणूस दुखावलात. त्या म्हणाल्या, “ह्यांनी राजे दुखावले, पोप दुखावले, आणि शेवटी स्वतःच्या अंथरुणात मेले. कसं जमलं असेल? आधी स्वतःची टर उडवायची. मग इतरांची उडवायला सवलत मिळते.”

“तुम्ही तुमची कुठे उडवली?”

“साठी उलटल्यावर लॅटिन शिकवायला जपानला आले. आणखी काय उडवू?”

आता घराचं. जपानात वय झालेल्या एकट्या माणसाला घर मिळत नाही. त्यातून बाई, त्यातून परदेशी. एजंट हसून नकार देतात, घरमालक ‘विचार करतो’ म्हणतात, त्याचाही अर्थ नाहीच असतो. मी बाईंना घेऊन पाचसहा ठिकाणी गेले आणि पाचसहा वेळा कमरेत वाकून बाहेर आले. विद्यापीठाच्या खोलीची मुदत संपत आली होती. घर नाही मिळालं तर बाई परत, काम अर्धवट. शेवटी मोरी-सानच्या ओळखीने एक जुनं लाकडी घर कळलं. मोरी-सान म्हणजे तिशीतली जपानी संशोधक. दोन वर्षं पुण्यात राहून मराठी शिकलेली, सदाशिव पेठेतल्या माणसालाही घाबरवेल अशी शुद्ध. घरमालकीण ओकुदा-सान सत्तरीच्या पुढच्या, विधवा, शेजारच्याच घरात एकट्या राहणाऱ्या. दोन घरांमध्ये एक पातळ भिंत.

चहा झाला. ओकुदा-सान मोरीकडे बघून हळूच म्हणाल्या की देवस्थळी-सान इथे एकट्याच राहणार का. मोरीने ते मराठीत आणलं. बाई थकल्या होत्या. त्यांनी नेहमीच्या चालीत उत्तर दिलं, “एकटी कशाने? हे असतात की माझ्याबरोबर. रात्रंदिवस.”

मोरीचं मराठी इतकं पक्कं नसतं तर तिने विचारलं असतं, ‘हे’ म्हणजे कोण? पण पुण्यात ज्या आजींकडे ती राहिली होती, त्या आजी नवऱ्याला ‘हे’च म्हणायच्या. तिने खात्रीने भाषांतर केलं: यजमान बरोबर असतात. ओकुदा-सानचा चेहरा सैल झाला. त्या आत गेल्या आणि किल्ली घेऊन आल्या.

बाईंना तेवढं जपानी कळत होतं. माझ्याकडे न बघता त्यांनी किल्ली घेतली.

बसस्टॉपवर मी म्हटलं, “बाई, हे खोटं झालं.”

“मी एक अक्षर खोटं बोलले नाही. भाषांतर चुकलं.”

“मग दुरुस्त करा. तुमचं काम तेच आहे ना?”

बाईंनी मला समजावून सांगितलं. त्यांच्या ह्यांनी एका पवित्र ग्रंथाच्या जुन्या भाषांतरातल्या चुका दुरुस्त केल्या, तर लोकांनी शिव्या दिल्या. लोकांना चुकांची सवय झाली होती, त्या चुकांवर त्यांची झोप लागत होती. “दुरुस्तीला वेळ बघावी लागते, सुलभा. करार नवा होईल तेव्हा सांगू.” मी ऑफिसला परतले. बाईंना छप्पर मिळालं होतं, आणि त्या महिन्यात माझ्यापुढे आणखी चार जण बिनछपराचे होते.

पुढे हे प्रकरण आपल्या पायांनी चालू लागलं. ओकुदा-सान सुके मासे घेऊन आल्या, तर बाईंनी सांगितलं की ह्यांना माशाचा वाससुद्धा सहन होत नाही. ते खरं होतं, त्या विद्वानाला खरंच होत नसे. प्रकृती नाजूक, थंडी बाधते, प्रवास नको वाटतो, सारखं लिहीत बसतात. सगळं खरं. आणि संध्याकाळी बाई वर बसून त्याचे संवाद मोठ्याने वाचायच्या, दोन पात्रांचे दोन आवाज काढून. भिंतीपलीकडे ओकुदा-सानला वाटे नवराबायकोचं चाललंय. एकदा त्यांनी मला कौतुकाने सांगितलं की या वयातही किती बोलतात एकमेकांशी, माझे तर जेवतानाही बोलत नसत. मी म्हटलं, हो, त्यांचं तसंच आहे. त्या सणासुदीला मिठाई आणायच्या त्या दोन. संत्री आणायच्या ती दोघांपुरती.

आपली चूक कळल्यावर मोरी आजारी पडल्यासारखी झाली. चूक तिच्या तोंडून गेली होती, म्हणून दुरुस्तीही तिलाच करायची होती. ती दर आठवड्याला बाईंना विचारायची, आणि बाई म्हणायच्या, “बघू.” मोरीने मला विचारलं, “‘बघू’ म्हणजे हो की नाही?” मी सांगितलं, “मराठीत ‘बघू’ म्हणजे तुमचं जपानी ‘विचार करतो’.” त्यानंतर त्या गल्लीतून जाताना ती मान खाली घालून जायची.

मग हिवाळ्याच्या तोंडाशी गल्लीचा आगीचा सराव आला. क्योतोच्या जुन्या गल्ल्यांतून घरोघर दाराशी पाण्याने भरलेली लाल बादली असते. सगळं लाकूड, घराला घर चिकटलेलं, त्यामुळे लोक आगीला देवापेक्षा जास्त मानतात. त्या वर्षी गल्लीची जबाबदारी ओकुदा-सानकडे होती. त्या दारोदार फिरून कोण कुठे झोपतं हे विचारत होत्या, म्हणजे वेळ आली तर शोधाशोध नको. मी त्या दिवशी बाईंच्या गिझरसाठी माणूस घेऊन गेले होते, मोरीही होती. ओकुदा-सानने विचारलं, “यजमान कुठे असतात?”

बाईंनी मोरीकडे पाहिलं. मोरीने भाषांतर केलं नाही. ती मराठीत म्हणाली, “बाई, आता सांगा. नाहीतर मी सांगते.”

करार नवा व्हायला चार महिने होते. बाई हसल्या आणि स्वतःच्या मोडक्या जपानीत म्हणाल्या, “उए. मादो.” वर. खिडकी.

तेही खरं होतं. ह्यांचे सगळे खंड वर खिडकीशीच होते. ओकुदा-सान वाकल्या आणि पुढच्या दारी गेल्या. मोरीच्याने सांगवलं नाही; ती पायात बूट सरकवून, बंद न बांधता निघून गेली.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी ऑफिसातला माझा फोन वाजला. बाई मोबाइल बाळगत नसत, म्हणून ओकुदा-सानकडे माझा नंबर होता. त्या एका दमात बोलल्या. मागच्या घराला आग लागली आहे, धूर देवस्थळी-सानच्या घरात शिरला आहे, दार वाजवलं, हाका मारल्या, यजमान उत्तर देत नाहीत, माझ्याकडे किल्ली आहे. मी “थांबा” म्हणेपर्यंत फोन ठेवला गेला. परत लावला. वाजत राहिला.

मी अग्निशामक दलाला फोन करून घर रिकामं असल्याचं सांगितलं. त्यांच्याकडे वर्दी आधीच गेली होती. गाडी निघाली आहे, निरोप देतो, म्हणाले. मग खालच्या मजल्यावर जाऊन बाईंना वाचनालयातून उठवलं. टॅक्सीत बसल्यावर काय झालं ते सांगितलं.

“तू सांगितलंस ना, की वर कुणी नाही?”

“ऐकायला त्या थांबल्या नाहीत.”

बाईंनी चष्मा काढला आणि हातात धरून बसल्या. नदीवरच्या पुलाशी सिग्नल लागला. मी ओकुदा-सानचा नंबर पुन्हा पुन्हा लावत होते, तो वाजत होता. ड्रायव्हरने आरशातून पाहिलं. बाई म्हणाल्या, “जिना फार उभा आहे तो.” आणि थोड्या वेळाने, “पहिली चूक मोरीची होती. दुसरी माझी.” समजूत घालण्यासारखं काही नव्हतं, आणि असतं तरी मी घातली नसती.

गल्लीत गाडी जात नाही. आम्ही पळत गेलो. पाण्याचे पाइप जमिनीवर पसरले होते, लाल बादल्या रिकाम्या होऊन लोळत होत्या. शेजारच्या बाईने सांगितलं की ओकुदा-सान ओला टॉवेल तोंडाला लावून आत गेल्या, दोन जवान त्यांच्यामागे गेले आहेत. तिसरा जवान दाराशी होता. तो बाईंना म्हणाला, “तुमचं घर? आत किती माणसं?”

“ओकुदा-सान. एकच.”

“आणि तुमचे यजमान? वरच्या खिडकीशी असतात म्हणाले.”

“दारे मो इमासेन,” बाई म्हणाल्या. कोणीही नाही. जवानाने तोंडापुढे हात वळवून वर काहीतरी ओरडून सांगितलं. त्याला ऐकू गेलं नसेल असं वाटून बाई तेच वाक्य मोठ्याने म्हणाल्या, आणि मग आणखी मोठ्याने. गल्लीतले लोक वळून बघायला लागले. इतके दिवस ज्या बाईंचं प्रत्येक वाक्य दोन अर्थांचं ऐकलं, त्यांचं एकाच अर्थाचं वाक्य मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

ओकुदा-सानना पाठीवर घेऊन आणलं. चेहरा काळा झालेला, डावा हात विचित्र वळलेला. त्या जिन्यावरून पडल्या होत्या. स्ट्रेचरवर ठेवताना त्यांना बाई दिसल्या, आणि त्या खोकत खोकत बोलायला लागल्या. मला वाटलं जाब विचारतायत. त्या माफी मागत होत्या. सगळीकडे पाहिलं, अंथरुणात पाहिलं, टेबलाखाली पाहिलं, यजमान सापडले नाहीत, माफ करा.

बाई ओल्या रस्त्यावर स्ट्रेचरशेजारी खाली बसल्या, कोटासकट. “इमासेन,” म्हणाल्या. नाहीत. “हाजिमे कारा इमासेन.” पहिल्यापासूनच नाहीत.

ओकुदा-सानने त्यांच्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले. ॲम्ब्युलन्सचं दार लागलं.

धूर छातीत गेला होता, वय झालेलं होतं. पहिले काही दिवस डॉक्टर काही नक्की सांगत नव्हते. बाई रोज हॉस्पिटलच्या खालच्या हॉलमध्ये जाऊन बसायच्या. वर फक्त घरच्यांना सोडत होते. चिवड्याची डबी त्या दिवसांत मी पाहिली नाही. ओकुदा-सानना भेटायची परवानगी मिळाली, तेव्हा बाईंनी मोरीला बोलावून घेतलं. मोरी आली. बाई तिला म्हणाल्या, “मी सांगेन ते शब्दाला शब्द. काही सावरू नकोस, गोड करू नकोस.” मग त्यांनी पहिल्या चहापासून ‘वर, खिडकी’पर्यंत सगळं सांगितलं. मोरीने सगळं भाषांतर केलं. मी दाराशी उभी होते. त्यात कुठेही विनोद नव्हता, आणि बाई विनोदाशिवाय इतका वेळ बोलू शकतात हे मला माहीत नव्हतं.

ओकुदा-सान शेवटपर्यंत ऐकून म्हणाल्या, “सो देसु का.” असं होय. मग त्यांनी विचारलं की बाहेर थंडी कमी झाली का.

बाकी त्यांच्या मुलाने उरकलं. घराची दुरुस्ती करायची आहे, मार्चअखेर जागा सोडावी. सभ्य भाषेतलं छोटं पत्र. विद्यापीठाने मुदत वाढवायची तयारी दाखवली होती, बाईंनी नको म्हटलं. परतीचं तिकीट मीच काढलं. काम अर्धवट राहिलं. ह्यांचे खंड मोरीकडे जायचे ठरले. “नवरा टाकून चाललेय,” बाई म्हणाल्या, आणि कुणी हसायच्या आत म्हणाल्या, “नको. राहू दे ते.”

तर तीस मार्चची दुपार. पुस्तकं बांधून झाली, मोरीने ती हातगाडीवर रचली. आम्ही तिघी दाराशी होतो, तेवढ्यात ओकुदा-सान आल्या. डावा हात प्लास्टरमध्ये, उजव्या हातात गल्लीच्या टोकाच्या दुकानातलं छोटं खोकं. हॉस्पिटलनंतर बाईंना त्या पहिल्यांदाच भेटत होत्या. त्या वाकल्या. बाई जास्त वाकल्या. ओकुदा-सानने खोकं पुढे केलं आणि म्हणाल्या, “ओफुतारी दे.” पुन्हा वाकल्या आणि घरात गेल्या. दार सरकवल्याचा आवाजसुद्धा हळू.

खोक्यात चेरीच्या पानात गुंडाळलेले दोन गुलाबी मोची, म्हणजे तांदळाचे गोड गोळे, होते. नेहमीसारखे दोन.

बाईंनी खोक्यात पाहिलं. मग मोरीला म्हणाल्या, “भाषांतर कर.”

“दोघांनी मिळून घ्या.”

“एवढंच?”

“शब्द एवढेच आहेत.”

“माफ केलं म्हणतायत, की सुरी फिरवतायत?”

मोरी म्हणाली, “मी लांब उत्तरेची, होक्काइदोची आहे, बाई. क्योतोच्या माणसांचं आडून बोलणं मला कळत नाही.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला इथे येऊन इतकी वर्षं झाली, पण मलाही कळलं नव्हतं, आणि मी तसं सांगितलं. बाई म्हणाल्या, “चाळीस वर्षं असलंच वाचत आले मी. एक वाक्य, दोन अर्थ. आणि हे मला वाचता येत नाही.” त्यांनी उभ्याउभ्या एक मोची खाल्ला, पान काढून माझ्या पिवळ्या पिशवीत टाकलं, दुसरा मोची खोक्यातच ठेवून खोकं खिडकीत ठेवलं. “हा ह्यांचा,” असं त्या म्हणतील असं मला वाटलं. त्या काही म्हणाल्या नाहीत.

विमानतळाची बस हमरस्त्यावरून सुटते. मोरी पुस्तकांची गाडी तशीच ढकलत बसस्टॉपपर्यंत आली. बाईंनी तिच्या हातात आपली दुरुस्तीची पेन्सिल दिली. मोरी रडली. मी बॅगा चढवल्या. बस निघाली तेव्हा बाई खिडकीशी बसल्या होत्या, आमच्याकडे नाही, गल्लीच्या तोंडाकडे बघत. ओठ हलत होते. काहीतरी म्हणून पाहत असाव्यात, पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या चालीत.

एकतीसला सकाळी मी लवकर गेले. जळणाऱ्या कचऱ्याचा वार होता. पिशव्या कोपऱ्यावर नेऊन जाळीखाली ठेवल्या, फरशी पुसली. खिडकीतलं खोकं राहिलं होतं. अन्न टाकायची मला सवय नाही. मी तो मोची खाल्ला, खोकं चपटं करून कागदाच्या गठ्ठ्यात बांधलं, आणि किल्ली द्यायला शेजारी गेले.

ओकुदा-सानने उजव्या हाताने किल्ली घेतली. म्हणाल्या, “दोघंही नीट निघाले ना?”

मी त्यांचा चेहरा नीट पाहून घेतला. त्यावर काहीही नव्हतं. मी म्हटलं, “बाई एकट्या गेल्या. पुस्तकं मोरी-सानकडे आहेत.”

“सो देसु का. मग दुसरा मोची?”

“मी खाल्ला. आत्ता.”

ओकुदा-सान हसल्या. तोंडापुढे हात धरायला गेल्या तो प्लास्टरचा, त्यामुळे हसू पुरतं झाकलं गेलं नाही. त्या म्हणाल्या की तो त्याच दिवशी खायचा असतो, दुसऱ्या दिवशी कडक होतो. मी म्हटलं, झाला होता. मग त्यांना एका हाताने उचलता येत नव्हती म्हणून दाराशी पडलेली लाल बादली मी धुतली, भरली, आणि जागेवर ठेवून ऑफिसला गेले.